यंत्राकडून महाजालाकडे : विस्तार करावा की थांबावे?
(अभ्यासलेख)

झाशी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात नेवाळकर घराणे, राणी लक्ष्मीबाई आणि १८५७-५८ चा संग्राम उभा राहतो. त्याच झाशी जिल्ह्यात गरौठा हे तहसिलीचे गाव आहे. हरभरा, वाटाणा, गहू, तीळ आणि उडीद पिकविणाऱ्या बुंदेलखंडातील हे गाव. अशा गावात आज संगणक ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. शाळा, जनसेवा केंद्रे, धान्याचे आडते, खत-बियाण्यांची दुकाने, औषधविक्रेते या सर्वांच्या टेबलावर तो येऊन बसला आहे. साहजिकच सुटे भाग आणून संगणक जोडून देणारा, ते विकणारा आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा एखादा छोटा उद्योजकही अशा गावात असतोच.

असा एक उद्योजक आपल्या शाखेत आला आहे, अशी कल्पना करू. तो म्हणतो, "साहेब, यंत्रात आता काही उरत नाही. इंटरनेटवर चालणारे सॉफ्टवेअर करावे म्हणतो. आडत्यांचे हिशेब, दुकानांची बिले, सगळे महाजालावर. कर्ज मिळेल का?" तारण म्हणून वडिलांच्या नावावरील घराचे कागद त्याने पिशवीत आणले आहेत.

होय किंवा नाही हे शब्द उच्चारण्यास क्षणही लागत नाही; परंतु त्यांचे परिणाम एका कुटुंबाला कित्येक वर्षे भोगावे लागतात. म्हणून हा प्रश्न नीट उलगडून पाहणे ग्राहकाच्या आणि बँकेच्याही हिताचे आहे. प्रस्तुत लेखात आपण तसा प्रयत्न करणार आहोत.

१. दोन धंदे, दोन स्वभाव

यंत्र बनविणे आणि सॉफ्टवेअर बनविणे ही एकाच घराण्यातील भावंडे वाटतात. हिशेबाच्या वहीत मात्र त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट असतात.

यंत्राच्या धंद्यात प्रत्येक नगामागे खर्च येतो. शंभर संगणक विकायचे तर शंभर मदरबोर्ड, शंभर डिस्क आणि शंभर पडदे विकत घ्यावे लागतात. विक्री वाढली की मालसाठा, उधारी आणि खेळते भांडवल हेही वाढतात. मागणी घटली तर माल पडून राहतो आणि संगणकाच्या भागांचे भाव काळाबरोबर उतरत असल्यामुळे पडून राहिलेला माल रोज थोडा थोडा नुकसानीत जातो. मात्र हा धंदा डोळ्यांना दिसतो. माल मोजता येतो, त्यावर विमा उतरविता येतो आणि तो बँकेकडे नजरगहाण ठेवता येतो.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात जवळजवळ सगळा खर्च पहिली प्रत तयार होण्यापूर्वीच होतो. दुसऱ्या प्रतीला फारसा खर्च नाही. हजाराव्या प्रतीलाही नाही. त्यामुळे ग्राहक पुरेसे मिळाले तर नफ्याचे प्रमाण यंत्राच्या धंद्यात कधी स्वप्नातही येणार नाही इतके मोठे असते. ग्राहक मिळाले नाहीत तर मात्र हाती काहीच उरत नाही. न विकलेला संगणक निदान घट सोसून विकता येतो. न खपलेला प्रोग्राम रद्दीतही जात नाही.

इंटरनेटने यात आणखी एक फरक केला. पूर्वी सॉफ्टवेअर डबीत घालून एकदाच विकले जाई. आता ते दूरच्या सर्व्हरवर राहते आणि ग्राहक महिन्याचे वा वर्षाचे शुल्क भरतो. विक्रेत्याला नियमित उत्पन्न मिळते हे खरे. पण त्याच्यावर नियमित जबाबदारीही येते. सर्व्हर रात्री दोन वाजता बंद पडला तरी उत्तर त्यालाच द्यावे लागते. ग्राहकाची माहिती त्याच्या ताब्यात असते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याचे दायित्व स्पष्ट केले आहे. म्हणजेच उत्पादक हा आता उत्पादकापेक्षा सेवेकरी अधिक होतो.

२. यंत्राचा नफा का आटला?

'यंत्रात आता काही उरत नाही' ही तक्रार खरी आहे आणि तिला इतिहास आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी मालकी कमी करण्यास नकार देऊन आयबीएमने १९७७-७८ मध्ये भारत सोडला. त्यानंतर देशी संगणक उत्पादकांना मोकळे मैदान मिळाले. आयातीवरील उंच शुल्काची भिंतही त्यांच्या पाठीशी होती. पुढे १९९१ नंतर धोरण बदलले. १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या छत्राखालील माहिती तंत्रज्ञान करार स्वीकारला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याचे बहुतेक भाग यांवरील आयात शुल्क शून्यावर आले. भिंत गेली. जे भाग मुंबईत वा दिल्लीत मिळतात तेच सर्वांना मिळू लागले आणि 'माझा संगणक वेगळा' असे म्हणण्यास जागा उरली नाही. जी वस्तू सर्वांकडे सारखी असते तिच्यात किमतीखेरीज स्पर्धा उरत नाही, हा बाजाराचा जुनाच नियम आहे.

याच काळात दुसरीकडे इंटरनेटचे दार उघडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि १९९८ च्या अखेरीस खाजगी सेवादात्यांनाही परवानगी मिळाली. यंत्राचा उत्पादक त्या दाराकडे आशेने पाहू लागला तर त्यात नवल नव्हते.

३. अमळनेरची गिरणी आणि तिचा प्रवास

या प्रश्नाचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत उगवले आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण हा तिचा धंदा. १९६६ मध्ये संस्थापक महंमद प्रेमजी यांचे निधन झाले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे शिकत असलेले त्यांचे एकवीस वर्षांचे पुत्र अझीम प्रेमजी यांना परत येऊन कारभार हाती घ्यावा लागला. पुढे हीच कंपनी 'विप्रो' या नावाने जगाला माहीत झाली.

आयबीएम गेल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेत १९८० च्या दशकाच्या आरंभी विप्रोने मिनी संगणक बनविण्यास सुरुवात केली. त्याच दशकात तयार सॉफ्टवेअर बनवून विकण्याचाही प्रयत्न झाला; तो फारसा फळला नाही. ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण अभ्यासकाने ती ध्यानात ठेवावी. ज्या कंपनीने पुढे सॉफ्टवेअर सेवांत जगभर नाव मिळविले, तिचाही सॉफ्टवेअरमधील पहिला पाऊलठसा चुकीच्या जागी पडला होता.

मग यश कोठून आले? यंत्रे घडविताना कंपनीकडे अभियंत्यांचा एक जाणता वर्ग तयार झाला होता. संगणकाच्या अंतर्भागाची, त्याच्या कार्यप्रणालीची आणि जोडणीची त्यांना उत्तम जाण होती. १९९१ नंतर देशातील यंत्रांचा बाजार विदेशी स्पर्धेने आकसू लागला, तेव्हा कंपनीने यंत्र विकण्याऐवजी हे ज्ञानच विकावयास काढले. जगातील मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी संशोधन व विकासाची कामे भाडेतत्त्वावर करून देण्याचा तो व्यवसाय होता. ऑक्टोबर २००० मध्ये कंपनीच्या समभागांची न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. स्वतःच्या नावाचे संगणक बनविणे मात्र तिने २०१३ मध्ये थांबविले. त्याच सुमारास साबण, दिवे इत्यादी व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे सोपविण्यात आले.

या प्रवासातून दोन गोष्टी निघतात. यंत्राच्या धंद्यातील खरी मालमत्ता कारखान्यातील यंत्रे नसून ती घडविणाऱ्यांचे ज्ञान होते, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की विस्तार एका उडीत झाला नाही. जुना धंदा चालू असताना, त्याच्या कमाईवर नवा धंदा उभा राहिला.

उत्तर प्रदेशाशी थेट नाते असलेले उदाहरणही आहे. शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कॅल्क्युलेटर विकण्यापासून आरंभ केला आणि १९७६ मध्ये उत्तर प्रदेश शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाला भागीदार करून हिंदुस्तान कॉम्प्युटर्स म्हणजेच एचसीएल उभी केली. पुढे सॉफ्टवेअरचा व्यवसाय स्वतंत्र कंपनीत ठेवण्यात आला आणि जानेवारी २००० मध्ये त्या कंपनीची भारतीय शेअर बाजारात नोंदणी झाली. यंत्रांचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीत राहिला. दोन धंद्यांचे स्वभाव वेगळे, म्हणून त्यांच्या वह्याही वेगळ्या. हा धडा लहान उद्योजकालाही तितकाच लागू पडतो.

४. पुण्यातील दुरुस्तीचे दुकान

विप्रो आणि एचसीएल ही नावे ऐकून गरौठ्याचा आपला उद्योजक म्हणेल, "त्या मोठ्यांच्या गोष्टी." म्हणून आता लहानांची गोष्ट पाहू.

सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर दहावीनंतर नोकरीस लागले ते कॅल्क्युलेटर व रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात. १९९० मध्ये सुमारे पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे संगणकांची देखभाल हा त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांत एक तक्रार पुनःपुन्हा दिसू लागली : यंत्र ठीक आहे, पण आत व्हायरस शिरला आहे. त्या काळी तो फ्लॉपीवाटे एका संगणकातून दुसऱ्यात जात असे. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर पुण्यात संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होते. त्यांनी व्हायरस काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला. आधी तो दुकानातील कामासाठीच उपयोगी पडला आणि मग विक्रीस आला. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही खाजगी मर्यादित कंपनी नोंदली गेली. २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिची भागविक्री झाली.

ही केवळ परिश्रमाची कहाणी म्हणून वाचून सोडून देऊ नये. व्यवसायाच्या दृष्टीने तिच्यात तीन गोष्टी घडल्या आहेत.

एक, मागणी आधी दिसली आणि माल नंतर तयार झाला. दुरुस्तीचा गल्ला हीच त्यांची बाजारपाहणी होती. तिला वेगळा खर्च पडला नाही.

दोन, पहिला ग्राहक हाताशी होता. ज्याचा संगणक आपण दुरुस्त करतो त्याचा आपल्यावर विश्वास असतो. अनोळखी कंपनीचे सॉफ्टवेअर घेताना जो संशय येतो, तो येथे नव्हता.

तीन, व्हायरस रोज नवे येतात, म्हणून प्रतिबंधक सॉफ्टवेअरही सतत ताजे ठेवावे लागते. इंटरनेट आल्यावर ही ताजी भर घरबसल्या पोहोचविणे शक्य झाले. एकदाच होणारी विक्री दरवर्षीच्या नूतनीकरणात बदलली. यंत्राच्या दुरुस्तीपासून निघालेला धंदा अशा रीतीने महाजालावरील सेवेपर्यंत पोहोचला.

परंतु येथेच थांबून समाधान मानणे योग्य नव्हे. ज्या कार्यप्रणालीवर हे सॉफ्टवेअर चालते तिच्या निर्मात्या मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ पासून व्हायरस प्रतिबंधक व्यवस्था मूळ प्रणालीतच मोफत दिली. ज्या वस्तूचे आपण पैसे घेतो ती दुसरा कोणी फुकट देऊ लागला तर काय, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या धंद्यात नेहमी दारात उभा असतो. या कंपनीने उद्योगसंस्थांसाठी 'सेक्राइट' या नावाने वेगळी उत्पादने काढली. भागविक्रीच्या वेळी ३२१ रुपयांना दिलेला समभाग नोंदणीच्या दिवशीच त्या किमतीच्या खाली आला होता, हेही गुंतवणूकदारांनी विसरू नये. उत्तम कंपनी आणि उत्तम भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. जगाचा अनुभव

जगातील अनुभव एकाच दिशेने बोट दाखवीत नाही. आयबीएमने वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय २००५ मध्ये चीनच्या लेनोवो कंपनीस देऊन टाकला, सेवा व सॉफ्टवेअरकडे मोर्चा वळविला आणि २०१९ मध्ये रेड हॅट ही सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. ॲपलने यंत्र सोडले नाही. त्याच्याच जोडीला २००३ मध्ये संगीताचे आणि २००८ मध्ये ॲपचे दुकान महाजालावर थाटले. तेथे सॉफ्टवेअरमुळे यंत्र खपते आणि यंत्रामुळे सॉफ्टवेअर खपते. अर्थशास्त्रात अशा वस्तूंना पूरक वस्तू म्हणतात. दिवा आणि तेल यांच्यासारख्या.

दुसरी बाजूही आहे. सन मायक्रोसिस्टिम्स ही सर्व्हर बनविणारी मातबर कंपनी. १९९५ मध्ये तिने 'जावा' ही संगणकभाषा जगाला दिली. ती महाजालावर सर्वत्र पसरली, कंपनीची कीर्ती झाली. पण यंत्रांच्या घटत्या उत्पन्नाची जागा घेईल एवढे उत्पन्न त्या कीर्तीतून उभे राहिले नाही. २०१० मध्ये ओरॅकलने ती कंपनी विकत घेतली. एचपी या यंत्र उत्पादकाने २०११ मध्ये ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून घेतली आणि जेमतेम वर्षभरातच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, ८.८ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकावे लागल्याचे जाहीर केले.

यश आणि अपयश यांतील फरक कशात आहे? जेथे नवे सॉफ्टवेअर जुन्या ग्राहकाच्या जुन्याच गरजेतून उगवले, तेथे ते रुजले. जेथे ते 'आपणही त्या धंद्यात असले पाहिजे' या भावनेतून विकत घेतले गेले, तेथे भारी पडले. लोकप्रियता आणि उत्पन्न यांची गल्लत जेथे झाली, तेथे कीर्ती उरली आणि धंदा गेला. मार्च २००० मध्ये अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक ५,००० च्या वर चढला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तो १,१०० च्या आसपास घसरला, त्यामागेही मुख्यतः हीच गल्लत होती.

६. गरौठ्याचे गणित

आता आपल्या उद्योजकाकडे परत येऊ. पुढील आकडे कल्पित आहेत. रीत मात्र प्रत्येकाने आपल्या आकड्यांवर चालवून पाहण्याजोगी आहे.

समजा, तो वर्षाला ३०० संगणक सरासरी २५,००० रुपयांना विकतो. उलाढाल ७५ लाख रुपये झाली. त्यावर ढोबळ नफा ८ टक्के, म्हणजे ६ लाख. भाडे, मदतनीस, वीज, वाहतूक मिळून २ लाख ६० हजार आणि कर्जाचे व्याज १ लाख वजा जाता उरतात २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार. घर यावरच चालते.

आडते व दुकानदार यांच्यासाठी इंटरनेटवर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर करावयाचे ठरविल्यास दोन प्रोग्रामर व एक सहायक यांवर महिन्याला ६० हजार खर्च धरू. विक्रीयोग्य माल तयार होण्यास १८ महिने लागले तर १० लाख ८० हजार रुपये झाले. हा आकडा आजच्या नफ्याच्या साडेचार वर्षांच्या कमाईइतका आहे आणि एवढ्या काळात उत्पन्न शून्य आहे.

विक्री सुरू झाल्यावर सर्व्हर, दूरध्वनीवरील मदत व प्रवास यांचे १५ हजार वाढून खर्च महिन्याला ७५ हजार, वर्षाला ९ लाख होतो. वार्षिक शुल्क ३,००० रुपये ठेवले आणि प्रत्येक ग्राहकामागे ६०० रुपये खर्च आला, तर एका ग्राहकाकडून २,४०० रुपये उरतात. म्हणजे केवळ चालू खर्च भागण्यास ३७५ ग्राहक हवेत. आरंभीचे १० लाख ८० हजार तीन वर्षांत भरून काढावयाचे तर वर्षाला ३ लाख ६० हजार अधिक, म्हणजे आणखी १५० ग्राहक. एकूण झाले ५२५. आणि यात त्या रकमेवरील व्याज धरलेलेच नाही. शिवाय दर पाचांपैकी एक ग्राहक दरवर्षी सोडून गेला तर १०५ नवे ग्राहक केवळ आहे तेथेच राहण्यासाठी मिळवावे लागतील.

गरौठा व आसपासच्या तहसिलींत असे ५२५ दुकानदार आहेत काय? असतील तर त्यांतील किती जण दरवर्षी तीन हजार रुपये भरतील? मोठ्या शहरातील एखाद्या कंपनीने हेच सॉफ्टवेअर हजार रुपयांत किंवा मोफत दिले तर? महाजालावर गरौठ्याचा प्रतिस्पर्धी गरौठ्यातच असतो असे नाही. तो बंगळूरलाही असतो आणि कॅलिफोर्नियातही.

आता दुसरे गणित पाहू. गेल्या तीन वर्षांत त्याने ९०० संगणक विकले आहेत. त्यांपैकी ३०० ग्राहकांनी वर्षाला १,५०० रुपयांचा देखभाल करार केला, तर साडेचार लाख रुपये आले. एका तंत्रज्ञाचा पगार १ लाख ८० हजार आणि प्रवास व किरकोळ भाग ९० हजार वजा केले तर १ लाख ८० हजार उरतात. आजच्या नफ्यात पाऊणपटीची भर पडली, तीही नव्या मोठ्या कर्जाशिवाय. तंत्रज्ञ दारोदार जाऊ लागला की कोणता ग्राहक कोठे अडतो, कशासाठी पैसे देण्यास तयार आहे, हे आपोआप कळू लागते. याच १ लाख ८० हजारांतून महिन्याला १५ हजारांवर एक अर्धवेळ प्रोग्रामर वर्षभर ठेवता येतो आणि एका छोट्या सॉफ्टवेअरचा प्रयोग दहा-वीस ओळखीच्या ग्राहकांकडे करून पाहता येतो. प्रयोग फसला तर एका वर्षाची जादा कमाई जाईल. घर जाणार नाही.

पुण्याच्या दुकानाची वाट यापेक्षा फार वेगळी नव्हती.

७. बँकेच्या खिडकीतून

शाखेतील सहकाऱ्यांनी अशा प्रस्तावाकडे पाहताना काही मुद्दे ध्यानात ठेवावेत आणि ग्राहकांनीही ते जाणून घ्यावेत.

खेळत्या भांडवलाचे कर्ज वेगळे आणि विकासाचे कर्ज वेगळे. नायक समितीच्या सूत्राप्रमाणे लहान उद्योगास अपेक्षित उलाढालीच्या २० टक्क्यांपर्यंत खेळते भांडवल बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने घालावयाचे असतात. आपल्या उदाहरणात ही मर्यादा १५ लाख रुपये येईल. ती माल आणि उधारी यांसाठी आहे. त्यातून प्रोग्रामरचे पगार भागविले तर पैसा खर्च झालेला असतो, पण गुदामात तेवढा माल नसतो. महिन्याच्या विवरणपत्रात साठा कमी दिसतो, आहरण क्षमता घटते, खाते मर्यादेबाहेर जाते आणि ते तसेच नव्वद दिवस राहिले तर अनुत्पादित ठरते. चांगला चालणारा यंत्राचा धंदा या एका चुकीने बुडू शकतो. अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामात घालू नये, हे वचन जुने असले तरी त्याची धार गेलेली नाही.

तारणाचा विचारही निराळा. अर्धवट लिहिलेला प्रोग्राम लिलावात विकला जात नाही. लेखापालनाच्या मानकांनुसारही संशोधनावरील खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो. विकासाचा खर्च मालमत्ता म्हणून दाखविण्यास तांत्रिक शक्यता, पूर्ण करण्याची साधने आणि भावी लाभाची खात्री अशा अटी आहेत. म्हणून ताळेबंदात 'सॉफ्टवेअर विकास' या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर तिची चौकशी करावी. बिनतारण कर्जांसाठी २००० मध्ये स्थापन झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पत हमी न्यासाची सोय आहे. परंतु हमी ही बँकेच्या जोखमीसाठी असते. तिच्यामुळे ग्राहकाची परतफेड माफ होत नाही, हे त्यास स्पष्ट सांगावे.

आगाऊ शुल्काची एक मोहिनी असते. वर्षाचे तीन हजार पहिल्याच दिवशी हाती आले म्हणजे ते सर्व उत्पन्न झाले असे वाटते. वास्तविक दरमहा अडीचशे रुपयेच कमावलेले असतात; उरलेली रक्कम म्हणजे अजून द्यावयाच्या सेवेचे देणे होय. ती आजच खर्च केली तर अकराव्या महिन्यात सर्व्हरचे बिल भरण्यास पैसा उरत नाही.

८. निष्कर्ष

तेव्हा संगणक बनविणाऱ्याने इंटरनेट सॉफ्टवेअरमध्ये विस्तार करावा काय? आमचे उत्तर असे : करावा, परंतु सेवेच्या पायरीवरून चढून करावा. यंत्रातून सेवा, सेवेतून ग्राहकाची गरज, गरजेतून छोटे सॉफ्टवेअर आणि ते रुजल्यावर महाजालावरील विस्तार, असा हा क्रम आहे. यंत्रात नफा नाही एवढेच कारण विस्तारास पुरेसे नाही. एका धंद्यातील अडचण म्हणजे दुसऱ्या धंद्यातील पात्रता नव्हे. उलट, जुन्या धंद्यात कमावलेला विश्वास आणि ज्ञान हीच नव्या धंद्यातील खरी ठेव आहे. ती नसेल तर कर्ज कितीही मोठे असो, पाया वाळूचाच.

आणि गरौठ्याच्या उद्योजकाने पिशवीत आणलेल्या कागदांचे काय? शाखाधिकाऱ्याने ते आदराने परत द्यावेत आणि म्हणावे, "हे आता घरीच ठेवा. आधी देखभालीचे शंभर करार करून या. मग आपण पुन्हा बसू." त्या दिवशी बँकेचे एक मोठे कर्ज कमी होईल, पण एक ग्राहक पुढील वीस वर्षांसाठी जोडला जाईल.

विचारासाठी प्रश्न

१) आपल्या व्यवसायातील कोणती तक्रार ग्राहक पुनःपुन्हा करतात? तिच्या निवारणासाठी ते वेगळे पैसे देतील काय?

२) नव्या उपक्रमात एक पैसाही न मिळता आपण किती महिने टिकाव धरू शकतो? तेवढी रक्कम कोणत्या खात्यातून येईल?

३) आपल्या उत्पादनासारखेच उत्पादन उद्या कोणी मोफत दिले, तर आपल्याकडेच येण्याचे ग्राहकास कोणते कारण उरेल?

४) जुन्या व नव्या व्यवसायाचे हिशेब आपण वेगळे ठेवता काय? नसल्यास त्यांपैकी कोणता धंदा कोणाला पोसत आहे, हे कसे कळणार?